यंदा कोयता खुंटीलाच

सदर : घर-अंगण



हिवाळा आला की खेड्यातल्या माणसाला आधी कामे आठवतात. कापसाची वेचणी चालू असते, तूर वाळून काढणीला आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. घरातही तेच. पावसाळ्यात भिंतींनी ओल धरलेली, अंथरूण-पांघरूण कुबट झालेले, न्हाणीचे पाणी अंगणभर पसरलेले. उन्हाळ्यात हात लावावा तर हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावे लागते, मग भिंतीवर मारायला पाणी कुठले? म्हणून घराची डागडुजी करायला दिवाळी ते होळी एवढेच दिवस खरे. ऊन मऊ असते, विहिरीला पाणी असते, आणि केलेले काम टिकते.

पण आपल्या कितीतरी कुटुंबांच्या नशिबी घरचा हिवाळाच नसतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टीकडच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळी आटोपली की माणसे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर गावातल्या घराला कुलूप, आणि घरात एखादी म्हातारी.

याच पट्ट्यातले एक जोडपे यंदा गेले नाही. दोघांचाही आग्रह आहे की नाव छापू नका, म्हणून त्यांना आपण दादा आणि वहिनी म्हणू. त्यांनी या थंडीत घरी राहून काय काय केले, कसे केले आणि कशासाठी केले, हे आज सांगायचे आहे. त्यातले बरेचसे आपल्याही घरी करता येण्यासारखे आहे.

राहण्याचा निर्णय

मुलगी दहावीला, धाकटा मुलगा सातवीला. आजी होती तोवर पोरे तिच्याजवळ राहत. दोन वर्षांपूर्वी आजी वारली. धाकट्याला मामाने नेले आणि मुलगी आईबापाबरोबर फडात गेली. वहिनी सांगतात, "ताई, नववीच्या वर्षाला पोरगी तीन महिने फडात व्हती. आम्ही ऊस तोडायचो, ती कोपीवर भाकरी करायची, पाणी आणायची. शाळंत हजेरी लागली का न्हाई, देवाला ठावं." मग स्वतःच हसून म्हणाल्या, "देवाला कुठलं, मास्तरला ठावं!"

दसऱ्याआधी मुकादम उचल घेऊन दारात आला. मुलीकडे बघून म्हणाला, "पोरगी मोठी झाली की तुमची. अर्धा कोयता वाढला." ते शब्द वहिनींच्या मनात रुतून बसले. त्या रात्री त्यांनी दादांना स्पष्ट सांगितले, "आवंदा मी येत न्हाई. तुम्ही एकटं जायचं तर जा. आवंदा पोरगी शाळंतून उठली, तर पुन्हा बसायची न्हाई. मग तिला बघायला येत्याल, आन अठरा वर्षं व्हायच्या आत आपणच तिचं लगीन लावू. माझंबी तसंच झालं व्हतं."

दादांनी दोन दिवस विचार केला. अडचण खरी होती. मागच्या हंगामाची १५ हजारांची बाकी मुकादमाकडे अंगावर होती, आणि ऊसतोडीच्या धंद्यात माणसाला बांधून ठेवते ती ही बाकीच. उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी जायचे, गेले की नवी उचल घ्यायची. पिढ्या यातच जातात. वहिनी ज्या बचत गटात आहेत, त्या गटाने १५ हजारांचे कर्ज दिले, शेकडा १ रुपया महिना व्याजाने, १० हप्त्यांत फेडायचे. ते पैसे दादांनी मुकादमाला दिले आणि दोन साक्षीदारांपुढे 'बाकी काही नाही' असे लिहून घेतले. बंधूंनो, हा कागद विसरू नका. तोंडी फिटलेली बाकी पुढच्या दसऱ्याला पुन्हा जिवंत होते.

कोयता खुंटीला टांगला गेला. भावकीत कुजबुज झाली. "घरी बसून काय खाणार?" असा सवाल आला. घरी बसून कोणी खाल्ले नाही. वहिनी कापूस वेचायला गेल्या, तूर काढायला गेल्या. दादा गवंड्याच्या हाताखाली जात. आणि कामाला खाडा पडला की घराचे काम, असा त्यांचा हिवाळा गेला.

पौषातला गिलावा

रमाई आवास योजनेतून मिळालेले २६९ चौरस फुटांचे घरकुल आहे. विटांच्या भिंती, वर पत्रा. हप्ते संपले आणि भिंती उघड्याच राहिल्या, हे बहुतेक घरकुलांचे चित्र आहे. विटांच्या फटींतून वारा येतो, विंचू येतो, आणि रात्री अभ्यासाला बसलेल्या पोरीची बोटे गारठतात. म्हणून पहिले काम आतून गिलावा करण्याचे ठरले.

काम सुरू करायचे तर शेजारची म्हातारी म्हणाली, "आता पौष लागंल. पौषात घराला हात लावू नये." दादांनी उत्तर दिले, "मावशे, आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. सिमिट काय पंचांग वाचतं का?" हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पौषात लोक शुभकार्य करत नाहीत, म्हणून गवंडी मोकळे असतात. आणि सिमेंटला हाच काळ मानवतो. उन्हाळ्यात गिलावा झटकन सुकतो आणि भिंतीवर केसासारख्या चिरा पडतात. थंडीत तो सावकाश सुकतो आणि पक्का होतो. मुहूर्त न बघणाऱ्या माणसाला मुहूर्त बघणाऱ्याच्या सुट्टीचा फायदा मिळाला!

दोन्ही खोल्यांना ९ गोण्या सिमेंट आणि पाऊण ब्रास वाळू लागली. एक घमेले सिमेंटला सहा घमेली वाळू हे प्रमाण. वाळू वहिनींनी आणि मुलीने चाळली. गवंडी ५ दिवस लागला. माल कालवणे, पाटी उचलणे ही मजुरी दोघांनी स्वतःच केली, त्यामुळे बिगाऱ्याचा खर्च वाचला. वीट आधी पाण्याने भिजवून घ्यावी, नाही तर ती मालातले पाणी पिऊन टाकते आणि गिलावा पोकळ वाजतो. काम झाल्यावर ७ दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारले. यात आळस करणारे पुढे गिलाव्याला आणि गवंड्याला दोष देतात.

जुने माळवद पाडलेले नाही. चूल अजून तिथेच आहे. त्याच्या भिंतींना पांढरी माती, भुसा आणि शेण एकत्र भिजवून, दोन दिवस मुरवून लिंपण केले. चुलीच्या वरच्या बाजूला दादांनी भिंत फोडून वीतभर झरोका पाडला आणि त्याला जाळी बसवली. वर्षानुवर्षे धुराने डोळे चोळणाऱ्या वहिनी म्हणतात, "एवढुसं भोक, पण ते पाडायला कुणाला सुचलं न्हाई. चुलीपुढं मी बसायची ना!" एक इशारा इथेच देते. थंडी फार आहे म्हणून पेटती शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी दार-खिडकी लावून खोलीत ठेवू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. शेकायचे तर अंगणात शेकावे, झोपताना निखारे बाहेर ठेवावेत.

दुसरा खड्डा

अंगणाच्या कोपऱ्यात संडास होता. स्वच्छ भारत मोहिमेतून १२ हजारांचे अनुदान घेऊन बांधलेला. पण त्यात गोवऱ्या भरलेल्या होत्या. खड्डा एकच, तोही भरेल म्हणून भीती. बायामाणसे अंधारात बाहेर जात. मुलगी पहाटे उठून अभ्यास करायची तर आधी आईला उठवून सोबत न्यायची.

दादांनी पहिल्या खड्ड्यापासून चार फूट अंतरावर दुसरा खड्डा खणला. खाली मुरूम लागला, चार दिवस पहार चालवावी लागली. खड्डा साडेतीन फूट रुंद, चार फूट खोल. आतून विटांचे गोल बांधकाम, पण विटांमध्ये मोकळ्या जागा सोडून, जाळीसारखे, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. तळाला सिमेंट करायचे नाही. भांड्याकडून येणाऱ्या नळीला एक छोटी कुंडी, तिथून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा. एक वाट विटेने बंद ठेवायची. एक खड्डा भरला की तो बंद, दुसरा चालू. बंद केलेल्या खड्ड्यातला मैला निदान दीड-दोन वर्षे तसाच राहू दिला की त्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. ते फावड्याने काढून परसात घालता येते. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान ४०-५० फूट लांब असावा.

दोनशे विटा, नळी आणि वरच्या फरशा मिळून ३,३०० रुपये लागले. पण हा विषय पैशांपलीकडचा आहे. बंद टाकीचा संडास भरला की ती उपसायला कोणाला तरी बोलवावे लागते. आपल्या देशात तो 'कोणी तरी' कोणत्या जातीचा असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, तरी गटारांत आणि टाक्यांत माणसे मरतातच. दोन खड्ड्यांच्या संडासाला कोणाला आत उतरवावे लागत नाही. ज्या समाजाने मेलेली गुरे ओढण्याचे काम बाबासाहेबांच्या शब्दाखातर सोडले, त्याने आपल्या अंगणातला मैला दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर देऊ नये.

२० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १४ दिवसांनी, १९५६ सालीच, गाडगेबाबा गेले. त्यांच्या फोटोला हार घालणारे पुष्कळ असतात. दादांनी त्या दिवशी संडासातल्या गोवऱ्या बाहेर काढल्या आणि भांडे घासून वापर सुरू केला.

न्हाणीचे पाणी

न्हाणीचे पाणी दारापुढून वाहायचे, डास व्हायचे. त्याला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल शोषखड्डा घेतला. तळाला मोठे दगड, वर लहान दगड आणि विटांचे तुकडे. तोंडाशी बुडाला भोके पाडलेले जुने मडके, त्यात काथ्या. साबणाचा फेस आणि केस काथ्यात अडकतात, पाणी खाली मुरते. काथ्या पंधरवड्याला बदलला की झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे बंद केली आणि डास कमी केले. तिकडे याला 'जादूचा खड्डा' म्हणतात. यात जादू काही नाही, दगड आणि दोन दिवसांची मेहनत आहे. खड्ड्याच्या बाजूला वहिनींनी पपई आणि अळू लावले आहे.

गोधडी आणि चीवर

दुपारचे ऊन उतरले की वहिनी दाभण घेऊन बसतात. यंदा दोन गोधड्या झाल्या. वरून-खालून जुन्या सुती साड्या, आत फाटके धोतर, लुगड्याचे तुकडे, पोरांचे आखूड झालेले कपडे. आधी सगळे उकळत्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून घेतले. कापड ताणून अंथरायचे, कडेने धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकते.

गोधडी पाहून कोणी नाक मुरडले, तर त्याला विनयपिटकातली गोष्ट सांगा. भगवान बुद्धांनी मगधातली भातशेती पाहिली. बांधांनी आखलेले ते तुकडे-तुकडे दाखवून त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर शिवता येईल का? आनंदाने तसे शिवले, आणि भिक्खूंचे चीवर तेव्हापासून शेताच्या तुकड्यांसारखे जोडून शिवतात. ठिगळाला कमी लेखणारा माणूस चीवरालाच कमी लेखतो.

दुसरी गोष्ट कोसंबीची. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला शंका आली. एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला? तो स्वतः येऊन विचारू लागला. आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्ऱ्यांचे? जमिनीवरचे बस्कर. जुन्या बस्करांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांच्या चिंध्या झाल्या की चिखलात मळून जमीन लिंपायला वापरू. राजाचे समाधान झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही काटकसर आपल्या आया-बहिणींनी न वाचता पाळली. वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी मी करती त्यो धम्मच हाय की!"

डाळ आणि दाणे

मजुरीत मिळालेल्या तुरीची वहिनींनी घरीच डाळ केली. तूर निवडून भिजवली, लाल माती लावून रात्रभर ठेवली, मग चार-पाच दिवस कडक ऊन दिले आणि जात्यावर भरडली. विकत आणलेल्या डाळीपेक्षा ती चवीला गोड लागते आणि लवकर शिजते. साठवणीचे दाणे दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवावेत, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावेत, आणि सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला थराथरात घालावा. गरम दाणे भरले की डब्याला आतून घाम सुटतो आणि कीड लागते.

फळीवरची पुस्तके

गिलावा झाल्यावर उरलेल्या जागेत दादांनी लोखंडी कोन ठोकून दोन फळ्या बसवल्या. एक उंच, पुस्तकांसाठी. एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, लिहिण्यासाठी. वर एक बल्ब ओढला. सगळे मिळून ९०० रुपये. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्याला राजगृह बांधता येणार नाही, पण २६९ चौरस फुटांत पुस्तकांची एक फळी निश्चित बसते. उंच फळीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, दहावीची पुस्तके आहेत, आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेल्या शेजाऱ्याने आणलेल्या तीन पुस्तिका आहेत.

संध्याकाळी सात ते नऊ घरात मोबाईलवर गाणी, व्हिडिओ बंद. हा नियम मुलीने नाही, वहिनींनी केला. त्या स्वतः तेव्हा गोधडी शिवतात, दादा दोरखंड वळतात. धाकटाही मामाकडून परत आला आहे, तो बहिणीच्या शेजारी बसतो.

कोणाचे काम कोणते?

वहिनी वेचणीला लांब गेल्या की दादा पाणी भरतात, भात टाकतात, पिठले करतात. पारावर बसणाऱ्यांनी 'बायल्या' म्हणून चेष्टा केली. दादा म्हणतात, "फडात तिनं माझ्याबरूबर मोळ्या उचलल्या. पहाटं तीनला उठून भाकरी केल्या, आन मग दिवसभर माझ्याइतकाच ऊस तोडला. तवा कुणी तिला गडी म्हणलं न्हाई. आता मी भात टाकला तर मी बाई कसा झालो?"

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना हेच सांगितले होते. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. मुलांची लग्ने घाईने लावू नका, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशातही पतीच्या कर्तव्यांत पत्नीचा मान राखणे आणि घराचा अधिकार तिच्याकडे सोपवणे ही दोन कर्तव्ये आहेत. अधिकार म्हणजे किल्ल्यांचा जुडगा एवढाच अर्थ घेऊ नका. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरताना नमुना आठचा उतारा मागा आणि घरावर दोघांची नावे आहेत का ते वाचून घ्या. दादा-वहिनींच्या घरावर दोघांची नावे आहेत, हे मी स्वतः उताऱ्यावर पाहिले.

ऊसतोडीने बाईच्या शरीराचे काय होते, हे तर २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळात झाली, चौकशी समिती नेमली गेली. कामाला खाडा नको म्हणून बाईने शरीराचा भाग काढून टाकावा, अशी वेळ ज्या धंद्यात येते, त्यातून एक जोडपे एक हिवाळा बाहेर राहिले, ही बातमी लहान नाही.

हिशोब

वहिनी मुलीच्या जुन्या वहीत खर्च लिहून ठेवतात. तो त्यांनी मोकळेपणाने दाखवला.

दोन बोकड विकून आलेले : १९,०००
सिमेंट : ३,४००
वाळू : ४,०००
गवंडी : ४,५००
खड्डा : ३,३००
फळ्या, बल्ब, वायर : ९००
एकूण खर्च : १६,१००
शिल्लक : २,९००

ही शिल्लक मुलीच्या परीक्षेसाठी आणि पुढच्या प्रवेशाच्या कागदांसाठी राखली आहे. रोजचे पोट आणि गटाचा हप्ता मजुरीवर चालतो.

दीघजाणू नावाचा कोलीय गृहस्थ बुद्धांकडे गेला आणि म्हणाला, आम्ही संसारी माणसे, आम्हाला याच जन्मात हिताचे असे काही सांगा. बुद्धांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा, म्हणजे अंग मोडून, अक्कल लावून काम करणे. आरक्खसंपदा, म्हणजे कमावलेले सांभाळणे. कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्यांची संगत. आणि समजीविता, म्हणजे तराजू धरणाऱ्यासारखे जमा-खर्चाकडे लक्ष ठेवून बेताने राहणे. गिलावा, साक्षीदारांपुढचा कागद, बचत गट आणि ही वही, असे चारही आपल्याला या एका घरात दिसतात.

मात्र खोटे चित्र रंगवायचे नाही. गटाचे सहा हप्ते अजून बाकी आहेत. बाहेरून गिलावा राहिला आहे. पाऊस दगा देईल, मजुरी मिळणार नाही, आणि पुढच्या दसऱ्याला मुकादम पुन्हा येईल. तेव्हा काय, असे विचारले तर दादा गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "गेलो तर आम्ही दोघं जाऊ. पोरगी न्हाई जायची." पुढच्या वर्षी मुलीला तालुक्याला वसतिगृहात ठेवायचे, असे त्यांच्या मनात आहे.

वाचकांनी काय करावे?

उन्हाळा लागायला अजून थोडे दिवस आहेत. एवढी कामे उरकून घ्या.

एक, आपल्या गल्लीतली किती मुले ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेली आहेत याची यादी करून शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती मागावी लागते.

दोन, दहावी-बारावीच्या मुलांचे जातीचे दाखले आताच काढा. जूनमध्ये तहसीलला रांग लागते आणि प्रवेश, शिष्यवृत्ती अडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना उतारा शोधून पत्र्याच्या पेटीत एका पिशवीत ठेवा.

तीन, विहारात संध्याकाळी दोन तास दिवा आणि सतरंजी एवढी सोय करा. ज्या घरात फळी बसत नाही, त्या घरातले पोर विहारात बसेल. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा आहेत.

चार, घराचे काम झाले की वास्तुशांतीवर पैसा घालवू नका. त्रिशरण-पंचशील घ्या, बुद्धवंदना करा, चहा द्या. वाचलेल्या पैशात एक खड्डा होतो.

७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती आहे. १८९८ साली जन्मलेल्या या माउलीने गरिबीत संसार ओढला, म्हणून बाबासाहेब शिकू शकले. दादा-वहिनींच्या घरी त्या दिवशी नव्या भिंतीवर रमाईंचा फोटो लावायचा आहे. खिळा कुठे ठोकायचा, यावर मुलात आणि मुलीत वाद चालू आहे. मुलगी म्हणते, पुस्तकांच्या फळीच्या वर. माझे मत मुलीला.

या थंडीत आपण घरात काय केले, किती खर्च आला आणि काय अडले, ते पोस्टकार्डावर कळवा. निवडक पत्रे याच सदरात देऊ.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!